गिरधरचा गुडघा

गिरधरने चालती गिरणी बंद केली तेव्हा यशोदाअक्कांची निम्मी ज्वारी पीठ होऊन डब्यात पडली होती आणि निम्मी अजून वर टोपातच होती. पट्टा फडफडला, मंदावला, थांबला. इतका वेळ गिरणीच्या वरताण ओरडून बोलणाऱ्या अक्कांना आपलाच आवाज एकदम मोठा वाटला.

“गिरणी काबर बंद करी रे भाऊ? मनं दयन आर्धं शे आजून.”

“लाइट गयी, अक्का.”

अक्कांनी मान वर करून पाहिलं. डोक्यावर पिठाने माखलेला दिवा लख्ख जळत होता.

“मंग हाऊ बल्ब कसावर चाली ऱ्हायना?”

खोटं बोलण्यात गिरधर मुळातच कच्चा होता. आख्ख्या आयुष्यात त्याचं एकच खोटं नीट वठलं होतं, आणि त्याची हकिगत पुढे येईलच. हातावरचं पीठ झटकत तो मधल्या दाराने घरात गेला.

मोरीत स्नेहल भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. धुळ्याहून सराव करून ती नुकतीच आली होती. पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. ओकून झालं होतं. आता ती अंगठ्याने डाव्या भुवईखालचं हाड आतून वर दाबत होती आणि दुसऱ्या हाताने उजेड अडवत होती. गिरणीच्या झरोक्यातून तिने हात भुवईकडे नेलेला त्याला ओझरता दिसला होता. तेवढ्यावरूनच त्याने बटण बंद केलं होतं.

ती दाबायची तऱ्हा त्याची होती. अगदी त्याच हाडावर, त्याच अंगठ्याने, नख आत वळवून. हे त्याने तिला शिकवलेलं नव्हतं. तिने त्याला असं दाबताना कधी पाहिलंही नव्हतं. तशी खबरदारी त्याने जन्मभर घेतली होती.

“काय झालं गं?” लेकीशी तो शाळेतली मराठी बोलायचा. घरची अहिराणी बायकोसाठी आणि गिऱ्हाइकांसाठी होती.

“काही नाही, पप्पा. ऊन लागलं.”

“डोकं दुखतंय?”

“थोडंसं.” तिने डोळे उघडले नाहीत. “सरांना सांगू नका हं. रविवारी जळगावला जायचंय.”

त्याने खिडकीला चादर लावली, तिला आतल्या खोलीत निजवलं आणि बाहेर येऊन अक्कांना सांगितलं की मोटार तापली आहे, पीठ संध्याकाळी मिळेल. अक्का दिव्याकडे बघत बघत गेल्या.

स्नेहल धुळ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि कबड्डीत चढाई करायची. चढाई करणारी पोर म्हणजे घरात आलेलं मांजर. कुठून आली, कशाला शिवून गेली, कळेपर्यंत परत रेषेपार. रविवारी जळगावला कॉलेजा-कॉलेजांचे सामने होते आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडायचा होता. त्यांच्या सोनगीर गावातून इतक्या वर कुणी गेलं नव्हतं. नाही म्हणायला एक जण जाता जाता राहिला होता, आणि तो म्हणजे तिचा बाप.

ती कथा सोनगीरपासून धुळ्यापर्यंत ज्याला कबड्डी कळते त्या प्रत्येकाला पाठ होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी एरंडोलला अंतिम सामना होता. गिरधर तेव्हा असा खेळायचा की समोरच्या संघातले लोक त्याच्या चढाईला अंगावर काटा आल्यासारखे उभे राहायचे. दुसऱ्या डावात, संघ आघाडीवर असताना, त्याचा गुडघा फुटला. तसाच तो दोन चढाया करून आला, मग मात्र बाहेर गेला तो गेलाच. संघ हरला. गिरधर पुन्हा मैदानात उतरला नाही. असा गुडघा, असा खेळाडू, आणि असं नशीब! ही कथा जो तो रंगवून सांगायचा, विशेषतः अभिमन. अभिमन त्या संघात पकडीला होता, आता स्नेहलच्या कॉलेजात खेळ शिकवत होता.

खरं इतकंच होतं की त्या दिवशी गिरधरच्या डोळ्यापुढे आधी एक नागमोडी रेघ चमकू लागली, मग समोरच्या सात माणसांतली तीन दिसेनाशी झाली, आणि मग डाव्या बाजूचं अर्धं डोकं कुणी आतून ठोकावं तसं ठणकू लागलं. तो शाळेच्या टाकीमागे गेला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ओकला. तेवढ्यात कुणीतरी धावत आलं, त्याला तसा गुडघे धरून वाकलेला पाहिलं आणि विचारलं, “गुडघा का रे?”

गिरधरने मान हलवली. बस्स, एवढंच केलं त्याने. बाकी सगळं लोकांनी केलं.

डोकं दुखतंय म्हणून भर फायनलमध्ये बाहेर बसलो, हे सांगणार कुणाला? डोकं म्हाताऱ्यांचं दुखतं, नाहीतर सासुरवाशिणींचं. गड्याचा गुडघा फुटतो, खांदा निखळतो, फार तर दात पडतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गिरधरने ती झाकली आणि झाकूनच ठेवली. नंतर गुपचूप सराव करून पाहिला, पण दर खेपेला तेच व्हायचं, म्हणून खेळ सोडला. मैदानावर जुने सोबती भेटले की तो डाव्या पायाने जरा लंगडायचा. घरी येऊन पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन गिरणीची पायरी चढायचा. ही विसंगती इतक्या वर्षांत गावातल्या एकाही शहाण्याच्या नजरेत आली नव्हती. लोकांना कथा आवडली की ते पायांकडे बघत नाहीत.

पण आता ती कथा त्याच्या लेकीच्या मुळावर आली होती.

स्नेहलचं डोकं गेल्या पावसाळ्यापासून दुखू लागलं होतं. त्याच्या बायकोने, प्रमिलाने, आपल्या परीने सगळं केलं. सुंठ उगाळून लेप लावला. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. “नजर लागनी पोरले, बठ्ठं गाव तिनाकडे दखस,” हे तिचं निदान होतं. अर्धशिशीला उतारा म्हणून सूर्य उगवायच्या आत दुधात जिलबी भिजवून खाऊ घातली. जिलबी स्नेहलला आवडली, डोकं होतं तसंच राहिलं. शेवटी गिरधर तिला धुळ्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी आधी डोक्याचा फोटो काढायला लावला, आणि तो अगदी स्वच्छ आला.

स्वच्छ आला हेच वाईट झालं. अभिमनने रिपोर्ट ऐकला आणि सगळ्या पोरींसमोर म्हणाला, “बघा, नॉर्मल आहे. म्हणजे काही नाही. मनाचे खेळ आहेत. तुझ्या बापाचा गुडघा फुटला होता स्नेहल, तरी दोन चढाया करून आला तो. आणि तू डोकं दुखतं म्हणून बसतेस?” त्या दिवसापासून स्नेहल बसली नाही. मेडिकलमधून गोळ्या आणायची, पाण्याबरोबर दोन-दोन गिळायची आणि खेळायची. घरी येऊन मोरीत ओकायची.

डॉक्टरीणबाई मात्र रिपोर्ट बघून थांबल्या नव्हत्या.

“फोटो चांगला आला ही आनंदाची गोष्ट आहे. पण दुखणं खोटं आहे असा त्याचा अर्थ नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “मायग्रेन फोटोत दिसत नाही. खेळताना श्वास कोंडणं, ऊन, उपाशीपोटी धावणं, पाणी कमी पिणं, यातल्या कशानेही ते उठतं. याला औषधं आहेत. खेळ सोडावाच लागतो असंही नाही. पण कोणतं औषध द्यायचं ते किती वेळा दुखतं यावर ठरतं. किती वेळा होतं गं तुला?”

“कधीतरी,” स्नेहल म्हणाली. “महिन्यातून एखाद वेळ.”

“आणि तुमच्या घरात कुणाला आहे का असं? आईला, वडिलांना?”

स्नेहलने वडिलांकडे पाहिलं. गिरधरने भिंतीवरच्या डोळ्याच्या तक्त्याकडे पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला.

दोन खुर्च्यांवर दोन खोटारडे बसले होते आणि समोर खरं सांगितलं तर मदत करायला तयार असलेली बाई. बाईंनी कागदावर एक साधी गोळी लिहिली आणि पुढच्या सोमवारी परत यायला सांगितलं. परतीच्या बसमध्ये बापलेक खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या दिवशी, गिरणी अर्धवट बंद केली त्या दिवशी, संध्याकाळी गिरधर ओट्यावर बसला होता. स्नेहल अजून झोपलेली होती. प्रमिला कोमट तेलाची वाटी घेऊन आली आणि त्याच्यापुढे बसली. हे तिचं नेहमीचं काम. पावसाळा सरला की आठवड्यातून एकदा ती त्याचा गुडघा चोळून द्यायची, लग्न झाल्यापासून.

तिने तेलात बोटं बुडवली.

“आज कोनता?” तिने विचारलं.

गिरधर तिच्याकडे बघतच राहिला. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. भाजी कोणती करू असं विचारावं तसं विचारलं होतं तिने.

“एक खेपले डावा चोळस, एक खेपले उजवा,” ती म्हणाली. “तुम्ही कधी बोलनात नही.”

तिने त्यातल्या त्यात जवळचा गुडघा पुढे ओढला आणि चोळायला लागली. तिचे हात उबदार होते. इतकी वर्षं या बाईने आपलं सोंग आपल्यापेक्षा जास्त मन लावून सांभाळलं, हे त्याच्या लक्षात आलं.

“डोकं दुखस तवय तुम्ही गिरणीमा पोतासनी मांगे जाईसन बसतस,” ती खाली मान घालून म्हणाली. “माले माहीत शे. तिले सांगी टाका.”

“काय सांगू?”

“जे माले माहीत शे ते.”

त्याने हो म्हटलं. सकाळी सांगतो म्हणाला. सकाळी स्नेहल लवकर सरावाला गेली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं होती. तिसऱ्या दिवशी तो तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, आणि आत ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती, “माझे पप्पा फुटक्या गुडघ्याने खेळलेत, मला काय होतंय!” तो दारातूनच परतला. चोराच्या मनात चांदणं असतं खरं, पण इथे चोरालाच लोकांनी देवळात बसवलं होतं. खाली उतरायचं कसं?

रविवारी पहाटे क्रुझर गाडी आली. मागे पोरी दाटीवाटीने बसल्या, पुढे ड्रायव्हरशेजारी अभिमन आणि गिरधर. पारोळा मागे पडेपर्यंत पोरी गाणी म्हणत होत्या. एरंडोलला चहाला गाडी थांबली, आणि ज्याची गिरधरला धास्ती होती तेच झालं. अभिमनने गाडीतून उतरून हात लांब केला.

“ते पाहा, पोरींनो. त्या शाळेमागचं मैदान. तिथेच.”

पोरींनी चहाचे कागदी कप हातात धरून मैदानाकडे पाहिलं आणि मग आदराने गिरधरच्या पायांकडे. गिरधरचा डावा पाय आपोआप जरा आखडला. स्नेहल एकटी मैदानाकडे बघत नव्हती. तिने चहा तसाच ठेवला होता आणि पाठ फिरवून पिशवीतली कसलीतरी गोळी तोंडात टाकली. आजवर इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती, त्या टाकीमागेसुद्धा नाही.

“काही खाल्लंस का?” त्याने जवळ जाऊन विचारलं.

“खेळायच्या आधी नको. जड होतं.”

“पाणी तरी पी.”

“पप्पा, तुम्ही काळजी नका करू.” ती हसली. “मी बाहेर नाही बसणार.”

जळगावात पत्र्याच्या मोठ्या मांडवाखाली मॅट अंथरली होती. दसरा होऊन गेला होता तरी ऊन काही हटायला तयार नव्हतं. पत्रे तापले होते आणि शिट्ट्यांचा, टाळ्यांचा आवाज त्यांच्यावर आपटून दुप्पट होऊन खाली येत होता. निवड करणारे तिघे एका बाजूला पंख्यासमोर बसले होते. गिरधर दोरीमागे पालकांच्या गर्दीत उभा राहिला. डोक्याला गिरणीतलं फडकं बांधलेलं होतं. ते त्याने तिथल्याच नळावर ओलं करून घेतलं.

पहिला डाव स्नेहलचा होता. ती गेली की कुणाला तरी शिवून यायची. निवडवाल्यांतल्या एकाने शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघांनी तिच्या पाठीवरचा नंबर वाचला. क्षणभर गिरधरला वाटलं, नाही होणार आज. आपण उगाच घाबरलो.

दुसऱ्या डावात ती चढाईला गेली आणि मध्यावर थबकली. तोंडाने कबड्डी कबड्डी चालू होतं, पण मान जरा वाकडी झाली होती. डाव्या कोपऱ्यातली पोरगी सरळ तिच्या अंगावर चालून आली, अगदी उघड, लपतछपत नाही. स्नेहलने तिच्याकडे पाहिलंच नाही. बाकी कुणाला कळलं नसेल, गिरधरला कळलं. तिला ती पोरगी दिसत नव्हती.

पकड झाली. स्नेहल बाद होऊन बाजूला गेली, खाली बसली आणि तिचा अंगठा भुवईकडे गेला. अभिमनने वेळ मागून घेतला आणि तो तिच्यावर वाकला.

“हे काय आता, स्नेहल? आत्ता? निवडवाले समोर बसलेत! तुझा बाप बघ, गुडघा फुटलेला असताना...”

गिरधरने दोरीवरून उडी मारली आणि तो धावत सुटला. पालकांच्या बाकांसमोरून, राखीव पोरींच्या मधून, मॅटच्या कडेकडेने, एखाद्या विशीतल्या पोरासारखा तो पळाला. लंगडायचं त्याला आठवलंच नाही. लेकीजवळ जाऊन त्याने ओलं फडकं तिच्या कपाळावर आणि डोळ्यांवर टाकलं, तिला दंडाला धरून उठवलं आणि गुणलेखकाच्या टेबलामागे, भिंतीच्या सावलीत नेऊन बसवलं. तिने अंग सैल सोडलं आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

अभिमन मागोमाग आला. तो गिरधरच्या पायांकडे बघत होता.

“तुना गुडघा?” तो म्हणाला.

“गुडघाले कधी काही व्हयनंच नही, भो.” गिरधरला वाटलं होतं हे वाक्य तोंडातून काढताना जीव जाईल. तसं काही झालं नाही. “त्या दिन मनं डोकं दुखी ऱ्हायनं व्हतं. अर्धं डोकं. माले समोरना मानसंच दिसनात नही. तेनामुळे मी बाहेर बसनू.”

फडक्याखाली स्नेहलची मान जराशी हलली. ती फायनल अभिमनही हरला होता. त्या रात्री तो पोरासारखा रडला होता आणि तेव्हापासून त्या गुडघ्याची कथा सांगून सांगून त्याने हार गोड करून घेतली होती. आता ती कथाही गेली.

“आनि इतला वरीस तू लंगडी ऱ्हायना व्हता?” त्याने विचारलं.

“फक्त तुनासमोर, भो.”

अभिमनच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. हसू होतं की काय होतं, सांगता येणार नाही. तेवढ्यात गुणलेखक खुर्चीतून मागे वळला.

“सर, तुमची चढाईवाली परत येणार का? नसेल तर बदली खेळाडू पाठवा. आणि कारण सांगा, लिहावं लागतं.”

अभिमनने एकदा पंख्यासमोरच्या तिघांकडे पाहिलं, एकदा गिरधरकडे. मग तो गिरधरच्या कानाशी वाकला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता. उलट तो मनापासून मदत करायला निघाला होता.

“गुडघा सांगू का? गुडघाले मान ऱ्हास. पुढला येळले परत बलावतीन. डोकाले कोन इचारस?”

तो खोटं बोलत नव्हता. गिरधरला ते सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. एक शब्द, आणि पोरीचं नाव यादीवर टिकून राहील. पुढच्या वेळी ती येईल, तोवर औषध लागू पडेल, सगळं नीट होईल. त्याने तोंड उघडलं आणि त्याला कळलं की आपण ‘हो’ म्हणणार आहोत. इतकं सगळं कबूल करूनही आपण ‘हो’ म्हणणार आहोत.

“डोकं लिहा, सर,” स्नेहल म्हणाली.

गुणलेखकाने पेन थांबवलं. “डोकं म्हणजे? पडलीस का? कुठे आपटलं?”

“नाही. दुखतंय.” फडकं तसंच डोळ्यांवर ठेवून ती सावकाश, नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. “खेळलं की दुखतं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. समोरचं दिसत नाही मला आत्ता.”

गुणलेखकाने अभिमनकडे पाहिलं. अभिमनने मान हलवली.

“ती सांगतेय ते लिहा,” तो म्हणाला, आणि बदली खेळाडूला हाक मारायला मॅटकडे गेला.

पंख्यासमोरचे तिघे काय म्हणाले, त्यांनी नावापुढे काय केलं, ते तिथून कळण्यासारखं नव्हतं. शिट्टी झाली. खेळ पुढे सुरू झाला आणि पत्र्यावर पुन्हा आवाज आदळू लागले. गिरधरने दोन्ही हातांनी लेकीचे कान झाकले. पोरगी आपल्यापेक्षा धीट निघाली, असं त्याला वाटलं, आणि याहून मोठी गोष्ट आपल्या आयुष्यात झालेली नाही असंही वाटलं. आवाज जरा ओसरल्यावर त्याने हात काढले.

“आधी डोळ्यापुढे चमकतं का?” त्याने विचारलं.

“हो. नागमोडी रेघ. डावीकडून सुरू होते.”

“माझी उजवीकडून.”

तिने फडकं वर सरकवलं आणि एकच डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं. उजेड सहन होत नव्हता तरी बराच वेळ पाहिलं.

“अजून होतं?”

“होतं की. मोटारीच्या आवाजाने होतं, उन्हाने होतं. उपाशी राहिलो की होतं.”

“मग तुम्ही काय घेता त्याच्यावर?”

गिरधरने विचार केला. “काही नाही,” तो म्हणाला. “कधी कुणाला विचारलंच नाही.”

स्नेहलने फडकं पुन्हा खाली ओढलं आणि डोकं त्याच्या खांद्यावर नीट लावून घेतलं.

“उद्या डॉक्टरीणबाईंकडे दोन केसपेपर काढायचे,” ती म्हणाली.